डबा तुमचा, फलाटही तुमचा. मधली वीतभर जागा कुणाची?

प्रति,
मा. रेल्वे व्यवस्थापक साहेब,
तसेच डब्यांचा आराखडा काढणारे आणि फलाट बांधणारे आपले सर्व इंजिनिअर

विषय: खानदेशातल्या लहान स्टेशनांवरची फलाटांची उंची आणि डब्यांची पायदानं

साहेब, नमस्कार.

मी जळगावात राहते आणि पाचोरा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 19 वर्षं अपडाऊन करतेय. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, पर्समध्ये पास आणि पिशवीत तपासायच्या वह्या. माझं सासरही याच लाइनवर आहे, त्यामुळे शाळेला सुट्टी असली तरी गाडी सुटत नाही. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बिचाऱ्या स्टेशन मास्तरला मेमो मिळेल आणि फलाट आहे तसाच राहील. शिवाय शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, गाळण, कजगाव, वाघळी असं कुठलंही नाव घ्या, त्या गावचा माणूस म्हणेल, बाई आमच्याबद्दलच लिहितायत.

गेल्या श्रावणात कानबाईला (आमचा खानदेशी देवीचा सण) आम्ही सगळे गावी गेलो होतो. प्रसादाचे रोट झाले, विसर्जन झालं, संध्याकाळच्या मेमूने (लोकलसारखी विजेवरची पॅसेंजर) परत निघालो. पाऊस भुरभुरत होता. सासूबाईंचं वय 71, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी थांबली, दाराशी नेहमीची झुंबड. माझ्या एका हातात रोटांचा डबा, दुसरा हात सासूबाईंच्या कोपराखाली. त्यांनी दांडा धरला, उजवा पाय उचलला, तो पायदानाच्या कडेवरून घसरला आणि फलाट व डब्याच्या मधल्या फटीत गुडघ्यापर्यंत खाली गेला. तेवढ्यात शिट्टी झाली. एक कॉलेजचा मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, गार्डसाहेबांनी (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडी गार्डच) गाडी धरून ठेवली, म्हणून आज मी पत्र लिहितेय, दुसरं काही लिहीत नाही. नडगी सोलली, सात टाके पडले. चप्पल खाली खडीत गेली.

दुसऱ्या आठवड्यात मी लेखी अर्ज दिला. दोन महिन्यांनी दोन उत्तरं आली. फलाट बांधणाऱ्या खात्याने लिहिलं, फलाटाची उंची त्या श्रेणीच्या मानकानुसार आहे. डबे पाहणाऱ्या खात्याने लिहिलं, डब्याची पायदानं मानकानुसार आहेत. प्रकरण निकाली. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहत बसले. साहेब, दोघांचंही बरोबर असेल. मग सासूबाई पडल्या त्या कुणाच्या हद्दीत?

आमच्या नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या बाकड्यावर राज्याची हद्द रंगवून ठेवलीय, लोक दोन्हीकडे बसून फोटो काढतात. इथे फलाट आणि डबा यांच्यामध्ये जी वीतभर फट आहे, तिच्यावर कुठल्याच खात्याचं नाव रंगवलेलं नाही. आणि आमचे पाय जातात ते नेमके तिथेच. मला जे म्हणायचंय ते एवढंच. बाकी सगळा त्याचा तपशील.

आता तपशील.

मी शिवणकामाची टेप घेऊन गेले. एकदा गाडी क्रॉसिंगला 20 मिनिटं उभी राहिली, तेव्हा मोजलं. फलाटापासून डब्याच्या जमिनीपर्यंत 35 इंच. घरी येऊन स्वयंपाकाचा ओटा मोजला, तो 33 इंच भरला. म्हणजे शाळेला जायचं तर रोज एकदा चढायचं, एकदा उतरायचं, आणि ते माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याहून दोन इंच जास्त. मध्ये पायदानं आहेत, खोटं बोलणार नाही. पण ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी नाहीत, शिडीसारखी एकाखाली एक आहेत, डब्याच्या पोटात शिरलेली, आणि रुंदीला एवढीच की चवडा टेकतो, टाच हवेत राहते. घरातली पायरी सहा-सात इंचांची असते, इथे एकेक पायरी जवळपास फूटभर. साहेब, एकदा साडी नेसलेल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका हाताने निऱ्या उचलायच्या, एका हाताने दांडा धरायचा. पिशवी कुठल्या हातात?

नियम काय म्हणतो तेही वाचलं. मास्तरीण आहे, वाचल्याशिवाय बोलण्याची सवय नाही. रेल्वेच्या मापांच्या नियमात ब्रॉडगेजवर तीन तऱ्हेचे फलाट आहेत: रुळाच्या बरोबरीचा, मध्यम म्हणजे जास्तीत जास्त 455 मिलिमीटर, आणि उंच म्हणजे 760 ते 840 मिलिमीटर. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्या वरच. म्हणजे सगळ्यात उंच फलाटावरही दीड फुटाच्या आसपास चढावंच लागतं, मध्यम फलाटावर पावणेतीन फूट, आणि रुळाच्या बरोबरीच्या फलाटावर माणूस चढत नाही, लोंबकळतो. आमचा फलाट कधीकाळी मध्यम होता. तो आज मध्यमही उरलेला नाही, आणि यात फलाटाचा दोष नाही. फलाट खचला नाही, रूळ वर आला. दर काही वर्षांनी खडी चाळतात, नवी टाकतात, रूळ उचलून बसवतात. तीन वेळा असं झालं की रूळ दोन-तीन इंचांनी चढतो आणि फलाट आपोआप ठेंगणा होतो. रूळ उचलणाऱ्यांच्या कामात फलाट मोजणं धरलेलं नसतं. पुन्हा तीच गोष्ट: काम चोख, फक्त माझ्या पायाशी कुणाचा संबंध नाही.

फलाट एकदम डब्याच्या जमिनीइतका का नाही उंचावता, असं मी विचारत नाही. ते का जमत नाही हे मला समजतं. त्याच रुळावरून मालगाड्या जातात, रुंद माल जातो, मालडब्यांची दारं बाहेर उघडतात, आणि 840 ची मर्यादा त्यासाठीच आहे. माझी मागणी चंद्राची नाही. डिसेंबर 2022 मध्ये रेल्वेने अमृत भारत स्टेशन योजनेचं धोरण जाहीर केलं, त्यात स्वच्छ लिहिलंय की सर्व श्रेणींच्या स्टेशनांवर 760 ते 840 मिलिमीटर उंचीचे फलाट असतील. सर्व श्रेणींच्या. 22 मे 2025 ला त्या योजनेतल्या 103 स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात आपल्या खानदेशातली धुळे आणि सावदा ही दोन होती. आनंद आहे. पण अपडाऊनवाल्याच्या प्रवासाचं एक टोक मोठं स्टेशन असलं तरी दुसरं टोक लहान स्टेशनच असतं. दोन टोकांपैकी एकच टोक दुरुस्त करून प्रवास सोपा होत नाही.

आमच्या स्टेशनालाही मधे रंग लागला, तेव्हा मला आशा वाटली होती. पेव्हर ब्लॉक आले, भिंतीवर केळीच्या घडाचं चित्र निघालं (चित्र सुरेख आहे, नाही म्हणणार नाही), नावाचा दिवे असलेला बोर्ड लागला. ब्लॉक बसवताना फलाट जेमतेम दोन इंच वर आला, तोही मधोमध. कडेचा दगड होता तिथेच. आता पाऊस पडला की पाणी कडेला येऊन थांबतं, आणि चढायला आपण उभं राहतो तेही कडेलाच.

आता डब्याबद्दल. आमच्याकडे आधी पॅसेंजर आणि शटल होत्या, टाळेबंदीत त्या बंद पडल्या, नंतर मेमू आली. मेमूची दारं रुंद आहेत, त्याबद्दल मी खरंच आभार मानते. पण रुंद दारातून चार माणसं एकदम चढू पाहतात आणि दांडे मात्र दोन टोकांना. मधल्या दोघांनी कशाला धरायचं? शेजारच्याच्या खांद्याला. मे महिन्यात तर टोकाला उभं राहणंही कठीण. आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, उन्हात तापलेला तो स्टीलचा दांडा दुपारी धरला की तळहात भाजतो. भाजीवाल्या मावश्या पदराने दांडा धरतात. पदर म्हणजे कापड, कापड स्टीलवरून सटकतं. हे कुठल्याही आराखड्यात दिसणार नाही, कारण आराखडा एसीत निघतो. त्या मावशींपैकी एक, वांग्यांची पाटी खाली ठेवून रोज मला म्हणते, "माले हात दे वं माय." मी हात देते. ही आमची व्यवस्था आहे साहेब, एकमेकींचे हात.

मुंबईच्या लोकलशी तुलना केली की तुमचे लोक म्हणतात, तिथलं वेगळं. वेगळं आहेच. लोकलचा डबा 3.66 मीटर रुंद, मेल-एक्स्प्रेसचा डबा सव्वातीन मीटरच्या आसपास. फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून 1670 मिलिमीटरवर. म्हणजे लोकलचा डबा कडेवर सुमारे सहा इंच झुकतो, फट झाकून टाकतो. मेल-एक्स्प्रेसचा डबा कडेच्या अलीकडेच थांबतो आणि पायदान त्याहून आत. पण मुंबईतही फलाट आपोआप उंच झाले नाहीत. जानेवारी 2014 मध्ये घाटकोपरला गाडीत चढताना पडून एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गेले, उच्च न्यायालयाने जाब विचारला, त्यानंतर उपनगरी फलाट 900 मिलिमीटरच्या वर नेण्याचं काम सुरू झालं. आमच्याकडे असं काही होईपर्यंत थांबायचं का, एवढंच सांगा.

आणि साधन नाही असंही नाही. ऑगस्ट 2025 पासून नागपूर-पुणे वंदे भारत जळगावला आणि भुसावळला थांबते. पहिल्यांदा मी जळगावच्या फलाटावर उभी राहून ती पाहिली, दार उघडण्याच्या वेळी खालून एक पायरी आपोआप बाहेर आली आणि फलाटाला भिडली. मी तिकीट काढलं नव्हतं, नुसती ती पायरी पाहत राहिले. माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, तोही रोज रेल्वेनेच कामाला जातो. त्याला विचारलं तर त्याने व्हिडिओ पाठवला. तिकडे काही स्टेशनांवर फलाट 48 इंच उंच, थेट डब्याच्या जमिनीला लागून, आणि काही जुन्या स्टेशनांवर जेमतेम आठ इंच. म्हणून तिथल्या डब्यांच्या दाराशी जमिनीत एक झाकण असतं. उंच फलाट आला की झाकण बंद, सरळ पाय टाका. ठेंगणा फलाट आला की कंडक्टर झाकण उचलतो, खाली नीट पायऱ्या. अमेरिकेची श्रीमंती राहू द्या, झाकणाला बिजागरीच लागते. सांगायचं कारण वेगळं: दोन उंचींचे फलाट आहेत हे मान्य करून तो डबा बनवलेला आहे. आमचा डबा बनवताना कुठला फलाट समोर धरला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

दिव्यांगांच्या डब्याबद्दल बोलताना मला राग आवरावा लागतो. मेल-एक्स्प्रेसला तो डबा गार्डच्या डब्याला जोडून, म्हणजे गाडीच्या टोकाला. लहान स्टेशनाचा फलाट गाडीपेक्षा आखूड. परिणामी दोन्ही पायांनी धड असलेला माणूस फलाटावर उतरतो आणि कुबड्या घेतलेला माणूस फलाटाच्या उतारावर नाहीतर सरळ खडीवर. माझ्या शाळेत सातवीला एक मुलगी आहे, पायाला आधाराचं कॅलिपर घालते. जळगावला दवाखान्यात जायचं असलं की तिचे वडील तिला पोत्यासारखं उचलून डब्यात ठेवतात. ती आता मोठी झालीय, तिला ते आवडत नाही, ती मान वळवून दुसरीकडे बघते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा प्रवासाची साधनं आणि स्टेशनं या मुलीला वापरता येतील अशी करायला सांगतो. कायद्याची प्रत हवी असेल तर मी देते.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात. एक मिनिटाच्या थांब्यात ओट्यावर चढण्याची शर्यत लागते, पडझड होते ती त्यातूनच. आणि तिसऱ्या-चौथ्या लाइनच्या कामांमुळे कधी कधी गाडी फलाट नसलेल्या रुळावर घेतात, घोषणा होते गाडी दिसायला लागल्यावर. मग बाया, पोरं, दूधवाले सगळे रूळ ओलांडून खडीतून वर चढतात. वर "रूळ ओलांडणे गुन्हा आहे" ही पाटी वाचत.

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गाडीत चढता-उतरताना माणूस पडला तर तो स्वतःच्या चुकीने पडला असं म्हणून रेल्वेला भरपाई नाकारता येणार नाही. मृत्यूची भरपाई 2017 पासून 8 लाख आहे. मला भरपाई मागायची नाही. टाक्यांचा खर्च आम्ही केला, झालं. मी कायद्याचा दाखला देते तो एवढ्यासाठी की "प्रवाशाने काळजी घ्यावी" हे वाक्य यापुढे उत्तरात येऊ नये.

आमच्या मागण्या अशा:

खानदेशातल्या प्रत्येक स्टेशनावर दोन्ही खात्यांनी एकाच दिवशी, एकत्र उभं राहून मोजमाप घ्यावं. रुळापासून फलाट आज किती उंच, आणि फलाटापासून पायदान किती उंच व किती लांब. कागदावरची उंची नको, आजची. ते आकडे स्टेशनावर लावावेत. जळगावहून अमळनेर-नंदुरबारकडची लाइन पश्चिम रेल्वेची म्हणून ती या मोजणीतून गळू नये, आम्हाला झोन कळत नाही.

ज्या फलाटांवर मेमू किंवा पॅसेंजर थांबते ते आधी 760 ते 840 मध्ये आणावेत, कोणतं स्टेशन कोणत्या वर्षी ते जाहीर करून. तोवर निदान महिलांच्या आणि दिव्यांगांच्या डब्यासमोरचा 20-25 मीटरचा तुकडा उंच करावा, त्याला उतार द्यावा आणि ड्रायव्हरसाठी गाडी थांबवण्याची खूण लावावी. हे काम एका उन्हाळ्यात होतं.

यापुढे रूळ उचलण्याच्या प्रत्येक कामात फलाटाची उंची पुन्हा मोजणं आणि कमी पडली तर वाढवणं त्याच टेंडरमध्ये धरावं.

मेमूचं खालचं पायदान बाहेर आणि रुंद करावं, पूर्ण पाऊल मावेल एवढं, वर खरखरीत पट्टी, कडेला पिवळा रंग. दाराच्या मधोमध एक उभा दांडा द्यावा आणि सगळ्या दांड्यांना रबराचं वेष्टण.

लहान स्टेशनांवर सकाळ-संध्याकाळच्या गाड्यांना दोन मिनिटं थांबा.

मनमाड-इंदूर नव्या मार्गाला 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, 309 किलोमीटर, 30 नवी स्टेशनं, मार्ग आपल्या धुळ्यावरून. या तिसांपैकी एकही फलाट ठेंगणा बांधू नये. जुनं दुरुस्त करायला पैसे नसतात हे ऐकून घेऊ, नवं चुकीचं बांधलेलं ऐकून घेणार नाही.

या पत्राचं उत्तर एकाच कागदावर, दोन्ही खात्यांच्या सह्यांनी यावं. दोन वेगळी उत्तरं आली तर मी ती घेणार नाही, पोस्टमनकडेच परत देईन.

आपण पाहणीला याल तेव्हा साहेबांच्या खास सलून डब्याने येऊ नका अशी विनंती. मेमूने या, आमच्या स्टेशनावर उतरा आणि परतीच्या गाडीत आमच्याबरोबर चढा. टेप माझ्या पर्समध्ये असते.

आपली,
एक पासधारक शिक्षिका, जळगाव

ता. क. सासूबाईंची चप्पल सापडली. गँगमनदादांनी खडीतून काढून स्टेशनच्या मागच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवलीय, डाव्या पायाची होती की उजव्या हे बघून सांगा म्हणाले. मी ती अजून आणलेली नाही. आपण आलात की दाखवता येईल.